दार उघडणारं वाक्य

“आज मी मदतनीस म्हणून आलो नाही, ताई. अशील म्हणून आलोय,” लक्ष्मीकांत देव म्हणाले आणि समोर खुर्ची असूनही उभेच राहिले.

हिमानी वैद्यांनी चहाचा कप खाली ठेवला. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक आणि न मेलेल्या म्हशींचे पंचनामे पाहून झाल्यावर त्यांनी मेहकरातच स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं होतं. तहसीलीतून निवृत्त झालेले लक्ष्मीकांत त्यांचे अहवाल लिहीत, गाडीत शेजारी बसत आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घेत. हे शेवटचं काम ते इतक्या नेमानं करत, की हिमानीताई त्यांचा संशयित आधी विचारून घेत आणि त्याला यादीच्या तळाशी टाकत.

आज मात्र त्या चेहऱ्यावर थट्टेला जागाच नव्हती.

“लेकीचं काही? प्रतिमाचं?” त्यांनी विचारलं.

“तिच्यावर चोरीचा आळ आलाय. तिच्या मालकांनी, महादेवरावांनी निरोप पाठवलाय, की दिवेलागणीपर्यंत बियाणं परत आलं नाही तर ठाण्यात तक्रार देतो. पोरीच्या नावानिशी. एकदा तिचं नाव तिथे चढलं, की नंतर निर्दोष सुटली काय आणि न सुटली काय, लोकांच्या तोंडी ती चोरच.”

हिमानीताईंनी गाडीची किल्ली उचलली.

जानेफळच्या रस्त्यावर लक्ष्मीकांतांनी हकीकत सांगितली. महादेवरावांची ‘अंबूबाई सीड्स’ ही भाजीपाल्याच्या बियाण्यांची कंपनी. नाव त्यांच्या दिवंगत आईचं, पाकिटावर फोटोही तिचाच. घर, ऑफिस आणि थंडघर एकाच आवारात. कंपनीचा सगळा डोलारा एका संकरित मिरचीवर उभा होता. अशी मिरची करायला दोन मूळ वाण लागतात, एक नर आणि एक मादी. दोन्हींचं बियाणं दोन स्टीलच्या डब्यांत, थंडघरात, कुलपात. ज्याच्या हाती ते दोन डबे, त्याच्या हाती कंपनी.

“आणि कुलूप मुनीमाच्या हाती,” लक्ष्मीकांत म्हणाले.

“हा मुनीम कोण?”

“माणूस नाही. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला कृत्रिम बुद्धीचा गडी. मोबाइलवरून निरोप टाकला की पावत्या करतो, गाड्या मागवतो, थंडघराचं दार उघडतो. प्रत्येक कामासाठी त्याच्याकडे वेगळं टूल आहे. आता कुठलं टूल कशासाठी, कधी वापरायचं, कधी हात लावायचा नाही, हे त्याला लिहून द्यावं लागतं. आमची प्रतिमा ते लिहिते.”

“म्हणजे नव्या सुनेला घरातली रीतभात सांगावी तसं.”

“सून निदान उलटून विचारते. हा जे लिहिलंय तेच धरून चालतो. जे सगळ्यांनाच माहीत असतं म्हणून लिहायचं राहतं, तिथेच तो चुकतो. म्हणून प्रतिमा प्रत्येक वर्णन मला वाचून दाखवायची. म्हणायची, बाबांना एका दमात कळलं म्हणजे मुनीमाला कळणारच.”

एरवी हे सांगताना त्यांची छाती फुगली असती. आज ते खिडकीबाहेर बघत राहिले.

“थंडघराच्या दाराचं वर्णन आठवतं?”

“तोंडपाठ आहे. ‘हे टूल बियाण्याच्या थंडघराचं कुलूप उघडतं. महादेवराव किंवा अविनाश यांनी सांगितलं तरच वापरावं. दिवेलागणीनंतर वापरू नये. मात्र आत कुणी अडकलं असेल, तर कुणीही सांगितलं तरी, कोणत्याही वेळी, काही न विचारता लगेच उघडावं आणि भोंगा वाजवावा. उदाहरण: मावशी आत राहिल्या, दार उघड.’”

“चांगलं लिहिलंय.”

“त्या चांगल्यानंच घात केला!” लक्ष्मीकांत कळवळले. “परवा हिवरा आश्रमाचा महाप्रसाद होता. सगळं घर, सगळं ऑफिस तिकडे. प्रतिमा तेवढी मागे राहिली. अंधार पडल्यावर ऑफिसच्या नंबरवरून मुनीमाला निरोप गेला, ‘काकू आत राहिल्या, दार उघड.’ त्यानं उघडलं. भोंगा वाजला. प्रतिमा धावत गेली, तर दार सताड उघडं आणि आत कुणी नाही. यंत्राची चूक असेल म्हणून तिनं दार लावलं. सकाळी स्वतःच महादेवरावांना सांगितलं. त्यांनी डबे उघडले, तर दोन्ही रिकामे. आता सगळे म्हणतात, पळवाट हिनंच लिहिली, हिनंच वापरली.”

हिमानीताईंनी गाडीचा वेग वाढवला. ताईंनी वेग वाढवला की प्रकरण अवघड असतं हे लक्ष्मीकांतांना अनुभवानं ठाऊक होतं.

महादेवराव आवारातच भेटले. पांढरं धोतर, उन्हानं रापलेला चेहरा, डोळे तांबारलेले.

“ताई, या पोरीले मी लेकीवानी ठेवलं होतं,” ते म्हणाले. “पण डबे तं रिकामे हायेत ना? मी कोनाले पकडू, मुनीमाले? त्याले हातकड्या कुठं घालू?”

“दिवेलागणीपर्यंतची वेळ दिलीत. ती पाळा, एवढंच,” हिमानीताई म्हणाल्या. “आधी थंडघर पाहते.”

थंडघर दाखवायला अविनाश आला. महादेवरावांचा पुतण्या, बियाण्याचं सगळं उत्पादन तोच बघायचा. त्यानं मोबाइलवर दोन शब्द टाकले आणि दाराचं कुलूप खट्कन उघडलं.

“दिवसा असंच चालते,” तो म्हणाला. “सकाळी मी उघडाले सांगतो, मंग पॅकिंगवाल्या बाया, मोठेबाबाच्या प्रेमची बायको डिंपल, मी, सारे जातो-येतो. अंधार पडला की बंद. आजीचा नियमच होता, दिवेलागनीनंतर बी-बिजवाई घराबाहेर जात नाही.”

आत हुडहुडी भरवणारी थंडी होती. मागच्या फळीवर, इतर डब्यांच्या आड, लाडवांच्या डब्याएवढे दोन स्टीलचे डबे ओळीत उभे होते. झाकणं लागलेली. झाकणाच्या कडेची चिकटपट्टी उचकटून पुन्हा नुसतीच दाबून बसवलेली.

“हे असेच सापडले? इथेच?”

“हाव, पट्टीही अशीच होती. मोठेबाबानं खोलून पाह्यले अन् तसेच ठेवले.”

हिमानीताईंनी पहिल्या डब्याचं झाकण काढलं. तळाशी चार-सहा बिया आणि ओल शोषून घेणाऱ्या खड्यांची एक जाळीदार पुडी. दुसऱ्याही डब्यात तसंच, तळाशी चिमूटभर बिया आणि पुडी. त्यांनी दोन्ही पुड्या शेजारीशेजारी तळहातावर घेतल्या. एकीतले खडे निळेशार होते. दुसरीतले गुलाबी पडले होते.

“हे रंग असे का?”

“कोरडे असले की निळे राहतात, ओल पिली की गुलाबी होतात. झाकन पक्कं नसलं की हवा शिरते, मंग हळूहळू रंग बदलते.”

“गुलाबी पुडी कुठल्या डब्यातली?”

“नराच्या. निळी मादीच्या.” अविनाशनं खांदे उडवले. “चोराले काय रंग पाहाचे होते, बाई? त्याले बिजवाई पाहिजे होती.”

लक्ष्मीकांतांना अविनाश पहिल्या क्षणापासून आवडला नव्हता. ऑफिसात बसल्यावर तर तो उघडच बोलला.

“मी पहिलेच म्हनलं होतं, मशीनच्या हाती चाबी देऊ नका. प्रेमले हौस. अन् तुमच्या पोरीनं दाराले खिडकी ठेवून देली. ‘कोनीही सांगितलं तरी उघड’ असं कोनी लिहिते काय?”

“आत माणूस अडकला तर?” हिमानीताईंनी विचारलं.

“आजवर कोनी अडकलं नाही.”

बोलता बोलता तो उगवण-चाचणीसाठी टोमॅटोचं एक पाकीट ताटलीत ओतत होता. ओतून झाल्यावर त्यानं पाकीट उलटं धरून टेबलावर आपटलं, आत बोट फिरवलं आणि उरलेला एक दाणाही झटकून घेतला.

“काटेकोर आहात,” हिमानीताई म्हणाल्या.

“दाना वाया गेलेला मले खपत नाही.”

“या हंगामातली नर-मादीची पेरणी कधी?”

“नर पहिले, मादी मागून. नराची झाडं फुलावर आली पाहिजेत, तेव्हाच मादीच्या फुलाले परागकन भेटतात. दोन्ही संगंच पेरले तं हंगाम हातचा गेला. पुढच्या आठवड्यात मोठेबाबा शेतकऱ्याईले नर वाटनार होते.” त्यानं हात झटकले. “आता काय वाटता!”

बाहेर आल्यावर लक्ष्मीकांतांनी हिमानीताईंची बाही धरली. “हाच! मशीनवर राग, प्रतिमावर राग, आणि शेतीतलं सगळं ठाऊक.”

“तुम्ही नक्की म्हणता?”

“शंभर टक्के.”

“मग मला थोडा धीर आला,” हिमानीताई म्हणाल्या. लक्ष्मीकांतांना तो टोमणा कळला, पण लागला नाही. त्यांचं सगळं लक्ष पश्चिमेकडे होतं. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं.

प्रेम हा महादेवरावांचा मुलगा. गॉगल डोक्यावर, दोन मोबाइल हातात. मुनीमाला आणणारा तोच, आणि चोरी झाली तरी मुनीमाचा अभिमान काही सुटला नव्हता.

“सिस्टीम एक नंबर हाय, मॅडम. ऑफिसचा नंबर आम्ही साऱ्याईच्या मोबाइलले जोडून देला. पुन्यातून निरोप टाका, इथं दार उघडते.”

“साऱ्यांच्या म्हणजे?”

“बाबा, अविनाशदादा, मी, डिंपल, प्रतिमा. बाबाचा अन् दादाचा स्वतःचा नंबर मुनीम वळखते, पन या नंबरवरचा निरोप ऑफिसच्या नावानंच जाते, कोनाच्या मोबाइलवरून गेला ते नाही दिसत. तेवढं एक राह्यलं,” तो ओशाळला.

“बियाण्यातलं तुम्ही किती बघता?”

“मले नर कोन्ता अन् मादी कोन्ती हे बी समजत नाही. ते डिपार्टमेंट अविनाशदादाचं अन् माह्या बायकोचं. मूळ वानाचं पॅकिंग तीच करते. आता तं तिचंही लक्ष नाही. याच महिन्यात दोनदा माहेरी गेली, जळगाव जामोदले. पहिले तिच्या बाबांचा गुडघा दुखते म्हनून, मंग संक्रांतीचा तिळगूळ घेऊन. मी आपली खिचडी टाकतो अन् खातो.”

“महाप्रसादाला सगळे सोबत होतात?”

“एकाच गाडीत. डिंपल अन् अविनाशदादा पंगतीत वाढाले होते, मी अन् बाबा जेवाले. एकही जन हलला नाही. हजार लोक साक्षीले हायेत.”

लक्ष्मीकांतांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. सगळे दूर, एकत्र, हजार लोकांसमोर. आवारात एकटी प्रतिमा.

डिंपलनं त्यांना स्वयंपाकघरातच बोलावलं. तिशीची, सडसडीत, बोलताना समोरच्याकडे थेट बघणारी. तिच्या बोटांची टोकं काळपट आणि सोललेली होती. मिरचीच्या कळ्या चिमट्यानं उघडून परागकण लावणाऱ्या बायांची बोटं अशीच होतात.

“च्या घेतल्याशिवाय जाऊ नका,” ती म्हणाली आणि साखरेचा डबा काढला. साखर तळाला गेली होती. तिनं चार चमचे घेतले, तळाशी थोडी राहू दिली आणि नवी पुडी फोडून त्यावरच ओतली.

“आमची प्रतिमा तर डबा संपला की उपडा करून उन्हात ठेवते,” लक्ष्मीकांत काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“आमच्याकडं नाही चालत. आजेसासूबाई म्हनत, डबा कधी रिकामा करू नये. चार दाने तरी तळाले ठेवाचे, बरकत राहते.” तिनं कप पुढे केले. “प्रतिमा चांगली पोरगी हाय हो. पन मानसाच्या मनात कधी काय येईल, सांगता येते काय?”

“ती महाप्रसादाला का आली नाही?”

“गाडीत जागाच नव्हती. शेजारच्या दोघी म्हाताऱ्या होत्या, त्याईले नाही कसं म्हनाव? मी म्हनलं, प्रतिमा, तू तरनी हायस, पुढच्या वर्षी जाजो.”

“मिरचीची ही जोडी मूळ कुणी शोधली?” हिमानीताईंनी सहज विचारावं तसं विचारलं.

डिंपलनं साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. “पाकिटावर आजीचं नाव हाय ना,” ती म्हणाली. “तेच समजा.”

शेवटी प्रतिमा. ऑफिसच्या कोपऱ्यात ती बंद संगणकासमोर बसली होती. रडून डोळे सुजले होते, पण वडिलांना बघताच तिनं चेहरा पुसला.

“बाबा, जेवलात?”

एवढ्यानंच लक्ष्मीकांतांचे डोळे भरून आले. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“मला एकच सांग,” हिमानीताई म्हणाल्या. “अडकलेल्या माणसाचं वाक्य तुला कसं सुचलं?”

“मला नाही सुचलं. डिंपलवहिनी एकदा आत होत्या, दार मागे लागून गेलं आणि दिवाही गेला. बाहेर आल्या तेव्हा थरथरत होत्या. म्हणाल्या, ‘तुह्या मुनीमाले हेही सांगून ठेव.’ मी त्याच दिवशी लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं, मग दोघींनी वापरूनही पाहिलं. त्या आत, मी बाहेर.”

“तुझी वर्णनं इतर कुणाला दिसतात?”

“नाही. माझ्याच पासवर्डनं उघडतात. हे मी फक्त दोघांना वाचून दाखवलं. वहिनींना आणि बाबांना.”

“भोंगा वाजल्यावर तू किती लवकर पोचलीस?”

“चपलाही न घालता धावले. मला वाटलं, कुणी मरेल आत.”

हिमानीताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्या बाहेर कडुनिंबाखाली जाऊन मोबाइलवर बोलत राहिल्या. लक्ष्मीकांतांच्या कानावर तुटक शब्द पडले: “शेखर... शेडनेटच्या विम्याची पाहणी... रोपांचा फोटो, दोन्ही वाफ्यांचा.” या घटकेला कुणाच्या शेडनेटचा विमा सुचतोय, या विचारानं ते हवालदिल झाले. सूर्य बुडत आला होता. ठाण्यात जायला महादेवरावांनी कोट अंगात घातला होता.

अंबूबाईंच्या फोटोपुढे दिवा लागला तेव्हा सगळे ऑफिसात जमले होते. महादेवराव उभे होते. “ताई, वेळ झाली.”

“बसा. ठाणं कुठे पळून जात नाही,” हिमानीताई म्हणाल्या. “महादेवराव, परवा संध्याकाळी तुमच्या थंडघरातून एक दाणाही चोरीला गेला नाही.”

“अन् डबे रिकामे कसे झाले?” अविनाश उसळला.

“तेच सांगते. भोंगा वाजला आणि प्रतिमा अनवाणी धावली. आवार केवढं, तुम्ही बघताच. तेवढ्यात चोरानं काय काय केलं म्हणता? मागच्या फळीवरचे दोन डबे शोधले, चिकटपट्टी काढली, बिया ओतल्या, झाकणं लावली, पट्टी दाबली आणि डबे पुन्हा ओळीत ठेवले? भोंगा कानाशी कोकलत असताना? चोर असता तर डबेच काखेत मारून पळाला असता. ज्यानं हे केलं त्याला घाई नव्हती. ते दिवसाढवळ्या झालं, थंडघर उघडं असताना, रोजच्या कामात.”

“मग दार काऊन उघडलं?” प्रेमनं विचारलं.

“भोंगा वाजावा म्हणून. दार उघडणारं माणूस आवारात नव्हतंच. तुम्हीच सांगितलंत, पुण्यातूनही निरोप टाकता येतो. मग हिवरा आश्रमाच्या पंगतीतून का नाही? पुढच्या आठवड्यात महादेवराव नराचं बियाणं वाटायला डबा उघडणार होते. त्याआधी एक खोटी चोरी घडायला हवी होती, आणि आवारात एक खोटा चोर.”

प्रतिमानं वडिलांचा हात घट्ट धरला. हजार साक्षीदारांची ती पंगत एका वाक्यात निकामी झाली होती.

“खरी चोरी कधीची, ते डब्यांनीच सांगितलं. नराच्या पुडीतले खडे गुलाबी, मादीच्या पुडीतले निळे. दोन्ही डब्यांची पट्टी सारखीच सैल होती. म्हणजे नराचा डबा बऱ्याच आधी उघडला गेला, मादीचा अलीकडे. आता मला सांगा, बियाणं विकणारा चोर दोनदा कशाला जोखीम घेईल? तो दोन्ही एकदमच नेईल. नर आधी आणि मादी मागून कोण नेतं?”

“पेरनारा,” अविनाश अभावितपणे बोलून गेला आणि त्याचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. लक्ष्मीकांत विजयानं पुढे सरसावले.

“थांबा, देव,” हिमानीताई म्हणाल्या. “अविनाश पाकीट बोट घालून पुसतात. शेवटचा दाणाही सोडत नाहीत. दोन्ही डब्यांच्या तळाशी मात्र चिमूटभर बिया होत्या. चोरी करतानाही ज्या हाताला डबा रिकामा करवला नाही, तो हात अविनाशचा नाही. प्रतिमाचाही नाही, ती डबे उपडे घालते.”

महादेवरावांनी नकळत आईच्या फोटोकडे पाहिलं.

“उरला निरोप. ‘काकू आत राहिल्या, दार उघड.’ प्रतिमाच्या वर्णनातलं उदाहरण होतं, ‘मावशी आत राहिल्या, दार उघड.’ मुनीमाला नक्की कळावं म्हणून पाठवणाऱ्यानं तेच वाक्य उचललं, फक्त माणूस बदललं. ते उदाहरण तिनं दोघांनाच वाचून दाखवलं होतं.”

“दोघांना?” महादेवरावांनी विचारलं.

“एक हे तिचे वडील.”

लक्ष्मीकांत एक पाऊल मागे सरकले. आयुष्यात पहिल्यांदाच ते संशयिताच्या जागी उभे होते.

“पण ऑफिसचा नंबर त्यांच्या मोबाइलवर नाही. दुसरी ती, जिच्यासाठी ते वाक्य लिहिलं गेलं. जिनं गाडीत शेजारणी बसवल्या, म्हणून प्रतिमा एकटी मागे राहिली. जी या महिन्यात दोनदा माहेरी गेली.” हिमानीताईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. “जळगाव जामोदचा शेखर विम्यासाठी शेडनेट, म्हणजे रोपांवरचे जाळीचे मांडव पाहतो. तासाभरापूर्वी त्यानं तुमच्या व्याह्यांच्या शेडनेटचा फोटो पाठवलाय. एका वाफ्यात मिरचीची रोपं बोटभर उंच झालीत. दुसऱ्यात नुकती दोन पानं फुटलीत.”

प्रेम बायकोकडे असं बघत होता, जणू ताई बोलल्या ती भाषाच त्याला कळत नव्हती.

“डिंपल, हे खरं हाय?” महादेवरावांनी विचारलं.

डिंपलनं मान वर केली. “हाव. खरं हाय.” मग तिचा बांध फुटला. “ही जोडी म्या शोधली, मामंजी. पाच हंगाम उन्हातान्हात एकेक झाड निवडलं. रात्री बोटांची आग होये तं ताकात बुडवून बसो. पाकिटावर नाव आजीचं, सही तुमची, अन् तुमच्या मृत्युपत्रात कंपनी अविनाशदादाच्या नावानं. का, तं प्रेमले समजत नाही! मले समजते ना? माह्याकडं एकदा तरी पाह्यलं कोनी? म्हनून माही जोडी माह्या बापाच्या वावरात नेली.”

महादेवराव खुर्चीत बसले. तिच्या काळपट बोटांकडे बघत म्हणाले, “जोडी तुहीच होती, पोरी. ते मले मालूम होतं. म्या बोललो नाही, हे माहं चुकलं. पन या लेकराले काऊन फसवलं?”

“ठाण्यात जायचं की घरात मिटवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा,” हिमानीताई म्हणाल्या. “या मुलीचं नाव मात्र आत्ता, सगळ्यांसमोर स्वच्छ झालं पाहिजे.”

महादेवराव उठले आणि प्रतिमापुढे दोन्ही हात जोडून उभे राहिले. “मले माफ कर, माय. उद्या साऱ्या गावात मी माह्या तोंडानं सांगीन.” अविनाशनंही मान खाली घातली. लक्ष्मीकांतांनी रुमाल काढला आणि सर्वांसमोर, अजिबात न लाजता, नाक शिंकरलं.

“आता एक काम कर,” महादेवराव म्हणाले. “ते वाक्य खोडून टाक. अडकलेल्या मानसाचं. तेच साऱ्या बखेड्याचं मूळ हाय.”

लक्ष्मीकांतांनी जोरजोरात मान हलवली. दिवसभर त्यांनी त्या वाक्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

प्रतिमानं संगणक सुरू केला. दाराचं वर्णन उघडलं. मग ती वळली आणि डिंपलला म्हणाली, “वहिनी, त्या दिवशी आत अडकलात तेव्हा तुम्ही खरंच घाबरला होता, की तेव्हाही मनात हेच होतं?”

“नाही गं,” डिंपल घोगऱ्या आवाजात म्हणाली. “तुही शपथ. दिवा गेला, आवाज बाहेर जाईना. मले वाटलं, मी मेली. हे पाप तं लय मागून सुचलं.”

“मग ते वाक्य राहील,” प्रतिमा म्हणाली. “आता अविनाशदादा आत जातील, पॅकिंगच्या बायका जातील. उद्या खरंच कुणी अडकलं, तर मुनीम विचार करत बसायला नको.”

तिनं त्याखाली फक्त एक ओळ वाढवली आणि सवयीनं वडिलांकडे बघून मोठ्यानं वाचली, “‘उघडल्यावर महादेवराव, अविनाश आणि डिंपलवहिनी या तिघांनाही फोन लावावा, आणि कुणीतरी उचलेपर्यंत थांबू नये.’ कळलं, बाबा?”

“कळलं,” लक्ष्मीकांत म्हणाले.

दिवसभर कुणाच्याही नजरेला नजर भिडवणारी डिंपल आपलं नाव ऐकून पदरात तोंड लपवून रडायला लागली.